चटईचं दुसरं टोक

न्गिरी-न्गिरी, किन्शासा
२३ जानेवारी १९७२

फर्दिनां,

पाकिटावर हे नाव शेवटचंच लिहितेय. पुढच्या पत्रावर काय लिहायचं ते कळव, नाहीतर पोस्टातला माणूस पत्र माझ्या हातात परत देईल आणि वर चार शब्द ऐकवेल. इथे आता कुणी फर्दिनां नाही, कुणी तेरेझ नाही. गोऱ्या पाद्र्यांनी दिलेली नावं टाका, आपल्या वाडवडलांची घ्या, असा हुकूम निघालाय. पोराला जुन्या पद्धतीचं नाव ठेवलं तर बाप्तिस्मा देणारा पाद्री तुरुंगात जाणार म्हणे. मी न्सोना झाले. आई घरात तीच हाक मारायची, म्हणून मला जड गेलं नाही. तुझी भाची मोनिक आता न्केंगे. शेजारच्या आल्फोन्सला काहीच आठवेना, त्याने न्दोफुन्सू घेतलं. म्हणजे जुन्या पोर्तुगीजांचा आल्फोन्सच, आपल्या पणज्यांनी तोंडात घोळवून गुळगुळीत केलेला. कारकुनाने खुशाल शिक्का मारला.

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सूट-टायही आता गोऱ्यांचा ठरलाय, तो घालून बाहेर पडलं की रस्त्यात पोरं अडवतात. मग साहेबलोक कोट घेऊन माझ्याकडे येतात. कॉलर काढा, गळा बंद करा, बाह्या आखूड करा. काल एक जण म्हणाला, टायशिवाय गळा मोकळा मोकळा वाटतो, काहीतरी हरवल्यासारखं. त्याची बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, मी आहे की.

मी हे सगळं लिहितेय, पण मला दुसरंच सांगायचंय. न्केंगेला एक मुलगा पसंत आहे. गास्तों होता, आता त्यालाही नवं नाव घ्यायचंय. मातादीच्या गाडीवर तिकीट तपासनीस आहे. बाप नाही, आई मातादीच्या बाजारात मासे वाळवून विकते. मुलगा सरळ आहे, बोलायला लागला की थांबत नाही एवढंच. पुढच्या महिन्यात ते मागणीची पहिली ताडी घेऊन गावी येतील. कियाला मामा घरातला वडील म्हणून बसेलच. पण मुलीचा मामा तू आहेस. शेवटचा होकार तुझाच लागतो.

आईच्या वेळी तू आला नाहीस. परीक्षा होती. मी त्याबद्दल आता बोलणार नाही.

तुझी ताई


किन्शासा
१९ मार्च १९७२

फर्दिनां,

तुझं उत्तर आलं नाही. पाकिटावर तुझ्या घरमालकिणीचं नाव टाकलंय, ती तरी वाचून दाखवेल.

आम्ही गावाहून परत आलो आणि माझं कशात लक्ष नाही. काल एका साहेबाच्या कोटाची एकच बाही दोनदा आखूड केली.

सगळं नीट चाललं होतं. ताडीचा मोठा चंबू आला, कोलाच्या बिया फोडल्या, बैठक चालवायला नेहमीप्रमाणे म्बाकीकाका होते. ते मुलाकडच्यांना चिमटे काढत होते. एवढ्या लांबून आलात, ताडी वाटेत कोण प्यालं, वगैरे. सगळे हसत होते. मामाने पेला तोंडाला लावला आणि मुलाला नाव विचारलं. आपलं नेहमीचं विचारणं. मुलगा नवं नाव मिळाल्याच्या खुशीत होता. छाती काढून म्हणाला, म्वेंबा-न्कोसी.

मामाने पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

मुलाने पुन्हा सांगितलं.

“कुणाचं नाव हे?”

“आईच्या आजीच्या भावाचं. आमच्या घरात मागचं एवढं एकच नाव राहिलंय. गास्तों टाकल्यावर दुसरं होतंच काय आमच्याकडे?”

मामा उठून घरात गेला. ताडी तशीच राहिली आणि पाहुणे संध्याकाळच्या गाडीने परत गेले. न्केंगे मला विचारत होती, काय झालं, काय झालं. मलाही माहीत नव्हतं. मामाने मला नंतर आत बोलावून सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मामाच्या आजीला एक धाकटी बहीण होती, न्सेंगा. आपल्या घरातल्या कुणाच्या हातून दुसऱ्या कुळाचा माणूस मेला होता. भरपाईत आपण ती मुलगी दिली. तिचा भाऊ म्वेंबा-न्कोसी सगळ्यांशी भांडला आणि तिच्या मागोमाग गेला. पुन्हा आला नाही. तेव्हापासून आपल्या घरात ते नाव कुणी पोराला ठेवत नाही, तोंडातूनही काढत नाही. म्हणूनच तू आणि मी ते कधी ऐकलं नाही.

तिकडे राहून विसरला असशील तर सांगते. कूळ आईचं. म्हणजे तो मुलगा न्सेंगाचा, आणि न्सेंगा आपली. म्हणजे तो आणि न्केंगे एकाच कुळाची, भाऊबहिणीसारखीच. गास्तों होता तोवर तो कुणीही होता. आता तो आपला झालाय आणि लग्न व्हायचं नाही.

अध्यक्षांच्या हुकमाने कुणाचं काय झालं माहीत नाही, आमचं हे झालं.

न्सोना


किन्शासा
७ मे १९७२

फर्दिनां,

पत्र मिळालं. शेवटी तुला राग आला म्हणून का होईना, तू लिहिलंस.

तू लिहितोस, शंभर वर्षांपूर्वीच्या बाईवरून दोन माणसांचं लग्न मोडणं हा अडाणीपणा आहे, दोघांनी नगरपालिकेत जाऊन सही करावी आणि मोकळं व्हावं. सही करायला त्यांना कुणी अडवलं नाही. पण उद्या न्केंगेचं पोर तापाने फणफणलं तर सगळं गाव तिच्याकडेच बोट दाखवेल. तिलाही रात्रंदिवस तेच वाटत राहील. तू बेल्जियममध्ये, लिएजला बसून तिची समजूत काढायला येणार आहेस का?

तू नाव घेणार नाहीस हेही वाचलं. वकिलातीने पासपोर्ट अडवला तरी चालेल, हुकमाने मिळालेलं नाव मी लावणार नाही, असं म्हणतोस. बाणेदार आहे. आई असती तर तुला एक ठेवून दिली असती.

आता नीट वाच. मामाने वाट काढलीय. तो म्हणतो, नाव सारखं असणं म्हणजे काही नाही, म्वेंबा नावाची माणसं गावोगाव आहेत. मुलाने ऑफिसात जाऊन दुसरं नाव घ्यावं. हल्ली पुष्कळ जण पहिल्या घाईत घेतलेलं नाव बदलून घेतायत, त्यात काही विशेष नाही. मग बैठकीत मुलाकडच्यांनी सांगायचं की आमचा तुमच्या कुळाशी काही संबंध नाही. आपणही तेच म्हणायचं. परके ते परके, लग्न झालं.

मामा हे का म्हणतो ते मला कळतं. ती माणसं आपली ठरली तर उद्या येऊन ओढ्याकाठच्या जमिनीत वाटा मागतील, आणि न्सेंगाची गोष्ट चारचौघांत निघेल. पण त्याचं कारण काहीही असो, माझी मुलगी सुखी होते ना? मुलगा तयार आहे. म्हणाला, मी काय, म्हणाल ते नाव लावतो, उद्या मला पाववाला म्हणा. न्केंगे पुन्हा जेवायला लागलीय. साकासाकाची, कसाव्याच्या पाल्याची भाजी स्वतः कुटून केली परवा.

तू फक्त दोन ओळी लिही. मुलीचा मामा म्हणून मला हे कबूल आहे, एवढंच. खाली कुठलं नाव लिहायचं ते तू बघ.

कोरड्या हंगामात बैठक आहे. लवकर लिही.

न्सोना


किन्शासा
१६ जुलै १९७२

फर्दिनां,

तुझ्या दोन ओळी आल्या. उपयोग झाला नाही.

बैठकीला मुलाची आई आली होती. पहिल्या वेळी आली नव्हती, बाजार सोडून कशी येणार. लुझितू तिचं नाव. बुटकी, रुंद, हाताला माशांचा वास. गाडीच्या धुराने डोळे लाल झाले होते, ते ती सारखी पदराच्या टोकाने पुसत होती. मी तिला बसायला चांगली चटई दिली, तर म्हणाली, मी जमिनीवर बरी, तुमची चटई वासाची होईल. मला हसू आलं. तेव्हा मला ती आवडली होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर मी तिला फार शिव्या घातल्या.

म्बाकीकाकांनी सगळं छान गुंफलं. नावाचा गैरसमज झाला होता, तो मिटला, मुलाने आता न्लांदू हे नाव घेतलंय, दोन्ही घरं एकमेकांना परकी आहेत. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, मुलाकडच्यांचं यावर काय म्हणणं? मुलगा उठायला लागला, तर आईने त्याला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

तिने आधी मामाला नमस्कार केला. मग नावं सांगितली. स्वतःचं, आईचं, आजी न्सेंगाचं, न्सेंगाच्या आईचं. तिच्याही आईचं. मामाला जेवढी माहीत आहेत त्याच्यापेक्षा एक जास्त. कुठल्या ओढ्यावर घर होतं, घरामागे कुठलं झाड होतं, तेही.  तुला माहीत आहे आपल्याकडे बोलणाऱ्याला मधे मधे हुंकार देतात, टाळी देतात. कुणी काही दिलं नाही.

मामा म्हणाला, “बाई, तुम्ही परक्या आहात असं म्हणालात तर तुमच्या मुलाला आमची मुलगी मिळते. एवढंच म्हणायचंय.”

“कळतंय मला,” ती म्हणाली. “पण मुलाच्या लग्नासाठी मी आजी देणार नाही. ती एकदा देऊन झालीय.”

आणि बसली. पुन्हा डोळे पुसले.

मामाने बैठक मोडली. मी तिच्या अंगावर धावून गेले, म्बाकीकाकांनी मला धरलं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही.  मुलगा आईशी बोलेना, न्केंगे माझ्याशी बोलेना. मी काय केलं होतं?

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी न्केंगे निघून गेली. मला वाटलं मुलाबरोबर गेली. तसं नाही. मुलगा माझ्याच दाराशी आला तिला शोधत. नंतर कळलं, ती मातादीला गेलीय, त्याच्या आईकडे. लग्न नाही, काही नाही, आणि मासे वाळवतेय. आल्फोन्स, म्हणजे न्दोफुन्सू, म्हणाला की मुली सासू घेऊन नवरा टाकतात असं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. मी त्याचा कोट अजून शिवलेला नाही. राहू दे त्याला तसाच.

मला घरात बसवत नाही. दुकान उघडते, बंद करते. इथे रस्त्यावर मिरवणुका, नाच, घोषणा, सगळ्यांना नागरिक म्हणायचं, नागरिका ही बाही सैल आहे, नागरिके थोडी थांब. मला कुणाचं ऐकूच येत नाही.

न्सोना


मातादी
३ सप्टेंबर १९७२

भाऊ,

आता तुझं कुठलंच नाव मला लिहवत नाही, म्हणून नुसतं भाऊ.

मी मातादीला आलेय. न्केंगेला ओढत घरी न्यायचं ठरवून आले. हे गाव सगळं चढाचं, तुला माहीत आहे. लुझितूबाईंच्या दाराशी पोचले तेव्हा मला बोलता येईना. त्या म्हणाल्या, “रागाने धाप लागलीय की चढाने? चढाची असेल तर आधी पाणी प्या.”

मी पाणी प्याले. मग राग कुठून सुरू करायचा ते सुचेना.

न्केंगे काळी पडलीय, धुराने. पण चालते-बोलते. दोघी सकाळी धक्क्यावर जातात, मासे आणतात, चिरतात, भट्टीवर लावतात. मुलगा गाडी घेऊन आला की अंगणातल्या बाकावर झोपतो, घरात नाही. न्केंगे मला म्हणाली, आई, इथे मला कुणी विचारत नाही की तू कोण. मी म्हटलं, विचारायचं राहिलंय काय, सगळ्यांनाच कळलंय आता. तशी हसली. किती दिवसांनी.

मी तिथे बसून राहिले. नुसतं बसायला नको म्हणून मासे चिरायला घेतले, तर बोट कापलं. लुझितूबाई म्हणाल्या, शिंपिणीच्या हातात सुरी द्यायचीच नाही. मग बोट बांधता बांधता त्यांनी सांगितलं, जसं काही बाजारभाव सांगतायत.

लांबचं नातं असलं आणि दोघांचा जीव जडला, तर तोडता येतं. जुनी रीत आहे. दोन्ही घरांनी एका चटईची दोन टोकं धरायची, मधून कापायची. त्या दोघांपुरतं नातं तुटलं. बाकीच्यांचं तसंच राहिलं. माझ्याही कानावरून हे कधीतरी गेलं होतं, पण मला वाटायचं ही म्हाताऱ्या माणसांनी बोलायची गोष्ट आहे.

“मग तुम्ही बैठकीत हे का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तोडायचं असेल तर आधी आहे म्हणावं लागतं. तुमच्याकडे कुणी आहे म्हणत होतं का?”

मधे एक दिवस मी गावी जाऊन मामाला विचारून आले. मामाला रीत ठाऊक होती. सुरुवातीपासून ठाऊक होती. म्हणाला, ठाऊक आहे, पण तसं केलं की ती माणसं कायमची आपली झाली, उद्या ओढ्याकाठी कुदळ घेऊन उभी राहतील. मी म्हटलं, राहू देत, ओढ्याकाठी हल्ली कुदळ मारतं कोण, सगळी पोरं तर किन्शासात. मामा मग म्हणाला, मुलीच्या बाजूचं टोक मुलीच्या मामाने धरायचं असतं. तो कुठाय?

बघ. पुन्हा तुझ्यावर आलं.

त्यांच्या बाजूला धरायला कुणी पुरुष नाही. लुझितूबाईंचे भाऊ गेले. त्या स्वतः धरणार म्हणतायत. आपल्या बाजूला तू आहेस. नोव्हेंबरात ये. तुझ्या बाणेदारपणाबद्दल मी काही बोलत नाही. वकिलातीत जा, कागदावर एक नाव लिही, कुठलंही लिही, पासपोर्ट घे आणि ये. चटई धरून झाली की ते नाव नदीत टाक. मीही दिवसाकाठी चार जणांना तेरेझ म्हणूनच ओ देते.

तू आला नाहीस तर मामा नाही म्हणणार. त्याला तेवढंच निमित्त हवंय.

ताई


किन्शासा
१० डिसेंबर १९७२

भाऊ,

तुझी तार आली. येणं शक्य नाही, तुम्ही ठरवा. खाली नाव नव्हतं. मी ती उलटीपालटी करून बघितली. मग मला वाटलं, तिकडे आता तुला काय म्हणत असतील? जुनं नाव कागदावर चालत नाही, नवं तू घेत नाहीस. एवढी वर्षं झाली, तुझी अशी काळजी मला वाटली नव्हती. पण ती तारेत मावणार नव्हती, म्हणून उत्तर दिलं नाही.

तुझी तार घेऊन मी मामाकडे गेले. त्याने वाचून घेतली आणि म्हणाला, मग झालं. मी म्हटलं, झालं नाही. तुम्ही ठरवा असं लिहिलंय त्याने, तर मी ठरवते. त्याचं टोक मी धरते. मामा म्हणाला, बाईमाणसाने मामाचं टोक धरल्याचं मी कधी ऐकलं नाही. मी म्हटलं, समोरच्या टोकाला बाईच आहे, दोघी बरोबरीच्या होऊ. तो म्हणाला, असं होत नाही. मी म्हटलं, मामा, भरपाईत मुलगी दिली तेव्हा तिचा भाऊ निघून गेला. आता माझा भाऊ येत नाही. आपल्या घरात भाऊ नेहमी नसतातच ऐन वेळी. मग कोण धरणार?

तो दाढी खाजवत बसला.

बैठकीच्या दिवशी सकाळी त्याने निरोप पाठवला की गुडघा दुखतोय. सगळ्यांनी मान डोलावली. आपल्याकडे गुडघा दुखतो तेव्हा त्याचा अर्थ काय ते तुला कळेल. नाहीही नाही, होही नाही, मी तिथे नव्हतो. म्बाकीकाका म्हणाले, एवढा समजूतदार गुडघा आपण आयुष्यात पाहिला नाही. पण चटई कापायचा कुळाचा सुरा मामाच्या घरात, आणि तो गुडघ्याबरोबर तिथेच राहिला. शेवटी मी पिशवीतून माझी कात्री काढली.

लुझितूबाईंनी एक टोक धरलं, मी दुसरं. न्केंगे आणि तो मुलगा मधे उभे. म्बाकीकाकांनी आधी नावं घेतली. न्सेंगाचं घेतलं, म्वेंबा-न्कोसीचं घेतलं, मोठ्याने, सगळ्या गावासमोर. ही आमची माणसं, असं म्हणाले. या वेळी हुंकार आला. आधी मागच्या बायकांचा, मग सगळ्यांचा. मग त्यांनी कात्री चालवली. नव्या बोरूच्या चटईला कात्री लागता लागत नव्हती. काका घामाघूम झाले, म्हणाले, नातं चिवट आहे. मला हात सोडावेसे वाटत होते आणि सोडायचे नव्हते. चटई शेवटी एकदम सुटली आणि आम्ही दोघी मागे धडपडलो.

रात्री मामाकडून ताडीचा चंबू आला. कुणी पाठवला ते आणणाऱ्याने सांगितलं नाही. मुलाने म्वेंबा-न्कोसी हेच नाव पुन्हा घेतलंय. आता ऑफिसातला कारकून त्याला बघितलं की कपाळावर हात मारतो.

आता तुला जे सांगायला हे पत्र लिहितेय ते सांगते. दुसऱ्या दिवशी लुझितूबाई मला म्हणाल्या, आता आम्ही तुमच्या, मग मेल्यावर आमची जागा कुठे? त्यांना मातादीच्या खडकात जायचं नव्हतं. मी त्यांना आईच्या थडग्याकडे नेलं. आईच्या डाव्या हाताची जागा आपण तुझ्यासाठी ठेवली होती. मामाने स्वतः दगड लावून ठेवले होते. मी ती त्यांना दिली. विचारायला तू नव्हतास, आणि विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, मेल्यावर काय फरक पडतो.

त्यांनी ती जागा चालून बघितली. म्हणाल्या, पुरेल, मी बुटकी आहे.

उजवीकडची माझी आहे. तू आलास तर मी जरा सरकून घेईन.

ताई